लॅपटॉपवर पहिली चाल: हलगी, पेटी आणि तीस आवर्तनं

कॉम्प्युटरवर संगीत करायचं म्हटलं की बहुतेक जण पहिले काही महिने सॉफ्टवेअरच शिकत बसतात. हे बटण काय करतं, ते प्लगिन (सॉफ्टवेअरला जोडायचा जादा तुकडा) फुकट कुठं मिळतं, अमुक संगीतकार कुठला कीबोर्ड वापरतो. व्हिडिओ बघून डोळे शिणतात आणि हातात एकही चाल नसते. हा लेख उलट्या बाजूनं लिहिला आहे. एक मिनिटाची एकच रचना धरायची आणि ती पहिल्या टाळीपासून शेवटच्या फाइलपर्यंत न्यायची. वाटेत जेवढं सॉफ्टवेअर लागेल तेवढंच शिकायचं.

रचनेत हलगी, पेटी, खाली तंबोरा आणि जमलं तर गळा. कोल्हापुरात राहून पहिला ताल विलायती ड्रमवर बसवायचा असेल तर खुशाल बसवा. पण हलगी तुम्ही कुस्तीच्या मैदानापासून गणपतीच्या मिरवणुकीपर्यंत लहानपणापासून ऐकलेली असते, त्यामुळे लॅपटॉपवर ती चुकीची वाजली की कुणी सांगायची गरज पडत नाही. नवशिक्याला ही फार मोठी सोय आहे.

आधी चाल, मग लॅपटॉप

मराठीतला पहिला बोलपट 1932 साली आला. तो कोल्हापुरातच, प्रभात कंपनीत तयार झाला होता. त्याचं संगीत गोविंदराव टेंबे यांचं, म्हणजे एका पेटीवाल्याचं. पार्श्वगायन तेव्हा नव्हतं. नट कॅमेऱ्यासमोर गायचा आणि साथही तिथंच वाजायची, त्यामुळे कॅमेरा फिरायच्या आत चाल पक्की असावी लागे.

तोच क्रम ठेवा. फोनवरचा रेकॉर्डर सुरू करून टाळीवर चार ओळी गुणगुणा. शब्द नसतील तर नुसतं 'ला ला' चालेल. दोन ओळींचा मुखडा, दोन ओळींचा अंतरा, बस. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग न ऐकता तीच चाल गाऊन बघा. आठवली तर पुढं जा. नसेल आठवत तर दुसरी करा. जी चाल करणाऱ्याच्याच डोक्यात रात्रभर टिकली नाही, ती ऐकणाऱ्याच्या डोक्यात कशी टिकणार?

काय लागतं

घरात असलेला लॅपटॉप. 8 जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर निवांत काम होतं. 4 जीबीवरही आठ-दहा ट्रॅकची रचना निघते, फक्त मागं ब्राउझर उघडा ठेवायचा नाही. वायरचा हेडफोन हवाच. ब्लूटूथवर आवाज 100 ते 200 मिलिसेकंद उशिरा येतो. पट्टी दाबल्यावर स्वर इतका मागून आला तर तालात वाजवणं अशक्य होतं.

पियानोसारखा यूएसबी कीबोर्ड असेल तर उत्तम, पण पहिल्या रचनेसाठी विकत घेऊ नका. लॅपटॉपच्याच कीबोर्डवर स्वर वाजवायची सोय जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असते. ऑडिओ इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडायची डबी), कंडेन्सर माईक, स्टुडिओ मॉनिटर या सगळ्या खरेद्या पुढच्या. दुकानदार काहीही म्हणो.

सॉफ्टवेअरबद्दल माझं मत सरळ आहे: विंडोजवाल्यांनी रीपर घ्यावं, मॅकवाल्यांनी गॅरेजबँड. रीपर साठ दिवस पूर्ण चालतं, जुन्या मशिनवरही दमत नाही आणि घरगुती वापराचा परवाना 60 डॉलरला मिळतो. एफएल स्टुडिओ आपल्याकडं फार लोकप्रिय आहे आणि तालाच्या कामाला चांगलंही आहे, पण त्याच्या चाचणी आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल पुन्हा उघडता येत नाही. लोकांना हे आठवडाभराचं काम झाल्यावर कळतं. एलएमएमएस पूर्ण मोफत आहे. तेवढं त्यात गळा रेकॉर्ड करता येत नाही. आणि पेनड्राइव्हवरून फिरणारी चोरलेली सॉफ्टवेअरं नकोत. नीतीचा भाग बाजूला ठेवला तरी त्यांच्याबरोबर व्हायरस येतो.

पुढं सगळं रीपर धरून सांगतो. इतर ठिकाणी बटणांच्या जागा बदलतात, काम तेच राहतं.

बसवल्यावर पहिलं काम आवाजाच्या सेटिंगचं. प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ, मग डिव्हाइस. विंडोजवर वेगळा इंटरफेस नसेल तर एएसआयओ फोर ऑल हा मोफत ड्रायव्हर टाकून तो निवडा. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मापं घ्यायची) 48000 आणि बफर (मशिन एका वेळी किती मापं हाताळतं) 256. या हिशेबानं मशिन 256 भागिले 48000, म्हणजे साधारण 5 मिलिसेकंद उशीर लावतं. येण्याजाण्याचा मिळून याच्या दुपटीहून थोडा जास्त धरा. कानाला तो जाणवत नाही. आवाज तडतडायला लागला तर बफर 512 करा. वाजवताना बफर कमी, मिक्स करताना जास्त, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

तीस आवर्तनं

ताल केरवा घेऊ. आठ मात्रा. रीपरमध्ये 4/4 ठेवा आणि प्रत्येक चौकटीचे, म्हणजे बारचे, आठ भाग दिसतील अशी ग्रिड लावा, म्हणजे ग्रिड 1/8. एक बार म्हणजे एक आवर्तन, तालाचा एक पूर्ण फेरा. टेम्पो 120. इथं एक गोष्ट नवख्यांना चकवते: सॉफ्टवेअर मिनिटाला 120 ठोके मोजतं ते चौथाईचे, आपल्या मात्रा त्याच्या दुप्पट धावतात. दादरा करायचा असेल तर 6/8, रूपक असेल तर 7/8.

120 टेम्पोला एक बार बरोबर दोन सेकंदांचा होतो, म्हणजे मिनिटाला तीस आवर्तनं. ती आत्ताच वाटून टाका: दोन नुसत्या हलगीची, आठ मुखड्याची, चार मधल्या तुकड्याची, आठ अंतऱ्याची आणि शेवटी पुन्हा आठ मुखड्याची. रीपरमध्ये एम दाबलं की खूण पडते. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला खूण टाकून नाव द्या. रिकाम्या पाटीवर आधी चौकट आखलेली असली की भरायला बळ येतं. आणि रचना चार मिनिटं लांबवायचा मोहही होत नाही.

हलगी

यावर जरा थांबू, कारण इथंच काम जमतं किंवा बिघडतं.

मोफत मिळणाऱ्या ड्रमच्या आवाजांत हलगी सहसा नसते. असली तरी ती कुठलीतरी डफ असते. तेव्हा खरी हलगी गाठा. कोल्हापुरात हलगी वाजवणारा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. ओळखीतून निरोप गेला की काम होतं. मानधन आधी ठरवा आणि ते हातात ठेवा, 'नाव येईल तुमचं' यावर भागवू नका.

रेकॉर्डिंगला फोन पुरतो, पण दोन अटींवर. हलगीचा ठोका इतका कडक असतो की फोन जवळ धरला तर आवाज फाटतो. सहा-आठ फूट अंतर ठेवा आणि फोन चामड्याच्या बरोबर समोर न धरता थोडा तिरका ठेवा. दुसरं म्हणजे फोनचा नेहमीचा रेकॉर्डर आवाज आपोआप कमी-जास्त करतो. मोठ्या ठोक्यानंतरचा बारीक ठोका त्यात फुगून येतो. डब्ल्यूएव्ही फाइल देणारं आणि ऑटो गेन बंद करता येणारं एखादं ॲप घ्या. जागा मोकळ्या भिंतींची नको. खोलीत दोन-तीन वाकळा टांगल्या तरी घुमणं निम्मं होतं.

सॅम्पलसाठी, म्हणजे पट्टी दाबून वाजवायच्या आवाजाच्या तुकड्यांसाठी, आपल्याला सुटे ठोके हवे असतात, आणि वाजवणाऱ्याला ते फार विचित्र वाटतं. "मामा, एकेक ठोका सुटा वाजवा की, मध्ये थांबून," असं म्हटलं की उत्तर ठरलेलं: "सुटा ठोका काय वाजवायचा लेका, चाल सांग!" त्यामुळे आधी दोन-चार मिनिटं त्यांना मनासारखं वाजवू द्या, तेही रेकॉर्ड करा. मग सुटे ठोके मागा: जाड काडीचा भरीव, बारीक काडीचा हलका, कडेला मारलेला, आणि हातानं दाबून मारलेला. प्रत्येकी पाच-सहा वेळा, हळू ते जोरात. मध्ये मध्ये हलगी शेकायला वेळ द्या. चामडं गार पडलं की सूर उतरतो, आणि पहिल्या-शेवटच्या ठोक्यांचा मेळ बसत नाही.

आता ती फाइल रीपरमध्ये ओढा. प्रत्येक ठोक्याच्या अगदी सुरुवातीला, लाट उठते तिथंच, एस दाबून कापा. आधी रिकामी जागा राहिली तर ठोका कायम उशिरा वाजेल. कापलेले चांगले चार ठोके निवडा. नवा ट्रॅक घेऊन त्यावर रीसॅम्पलोमॅटिक 5000 हे रीपरमधलंच प्लगिन चार वेळा लावा आणि प्रत्येकात एकेक ठोका टाकून त्याला स्वतंत्र पट्टी नेमून द्या. तुमची हलगी तयार.

वाजवायला नवा मिडी आयटम घ्या (मिडीत आवाज नसतो, कुठली पट्टी कधी आणि किती जोरात वाजायची एवढंच लिहिलेलं असतं), एका आवर्तनाएवढा, आणि त्यावर दोनदा क्लिक करा. पियानो रोल उघडतो: डावीकडं पट्ट्या, आडवा वेळ. सुरुवातीला अशी मोडणी करा: आठ मात्रा तीन-तीन-दोन अशा वाटायच्या. मात्रा 1, 4 आणि 7 वर भरीव ठोका, उरलेल्या पाच मात्रांवर हलका. चालवून ऐका. ताल बरोबर असेल आणि तरी निर्जीव वाटेल.

याचं कारण दोन गोष्टींत आहे. मिडीत प्रत्येक ठोक्याचा जोर 0 ते 127 मध्ये मोजतात आणि माउसनं टाकलेले सगळे ठोके एकाच जोराचे पडतात. पहिली मात्रा 115 करा, चौथी आणि सातवी 95 च्या आसपास, हलके ठोके 45 ते 65 मध्ये वर-खाली. दुसरं, सगळे ठोके ग्रिडवर रेघ मारल्यासारखे बसलेत. ऑल्ट आणि एस दाबून स्नॅप (ठोके ग्रिडला आपोआप चिकटवणारी सोय) बंद करा आणि हलके ठोके अगदी थोडे, 5 ते 15 मिलिसेकंद, मागं, म्हणजे उशिराच्या बाजूला, सरकवा. सगळे सारखे नाहीत. पहिली मात्रा मात्र जागची हलवायची नाही.

मग मामांनी मनासारखं वाजवलेलं ते रेकॉर्डिंग वरच्या ट्रॅकवर ठेवा, त्याच्या लाटा बघा. कुठला ठोका पुढं घुसतो, कुठला रेंगाळतो ते डोळ्यांना दिसतं. 'ह्युमनाइझ' नावाचं एक बटण असतं, ते ठोके नुसते इकडं-तिकडं विस्कटतं; वाजवणारा माणूस विस्कटत नाही, तो दरवेळी त्याच जागी रेंगाळतो. मी ते बटण वापरत नाही.

एक आवर्तन जमलं की त्याच्या तीन प्रती करून चौथ्यात थोडा बदल करा. अशी चार आवर्तनांची लड तयार होते. तीस आवर्तनं तीच लड वाजली तरी चालेल, पण प्रत्येक भागाच्या शेवटच्या आवर्तनात काहीतरी वेगळं हवं: दोन मात्रा गप्प बसवा, किंवा ठोके दुप्पट करा.

पाच काळ्या पट्ट्या

आता चाल उतरवायची. पेटीचा आवाज घ्या. आग्रहाचं कारण असं की पेटीत मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही आणि पियानो रोलमध्येही साधेपणानं मींड येत नाही, त्यामुळे जे लिहाल ते जसंच्या तसं वाजतं. बासरी किंवा सारंगीचा आवाज पहिल्याच रचनेत घेतला तर स्वर बरोबर असूनही नकली ऐकू येतो, कारण त्या वाद्यांचा जीव दोन स्वरांच्या मधल्या वाटेत असतो. मोफत सॅम्पलर प्लगिनसाठी पेटीचे आवाज मिळतात. डीसेंट सॅम्पलर आणि स्फोरझांडो ही दोन नावं शोधा.

आपल्याकडं गाणारे 'माझी काळी एक', 'तिची काळी चार' असं सांगतात. सॉफ्टवेअर मात्र इंग्रजी अक्षरं दाखवतं. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. मधल्या सप्तकातल्या पांढऱ्या एकचा मिडी क्रमांक सगळीकडं 60 असतो, पण त्याचं नाव कुणी सी 3 लिहितं, कुणी सी 4, एफएल स्टुडिओ सी 5. नाव बघून गोंधळू नका, क्रमांक बघा.

ज्यांनी पेटी कधी शिकलेली नाही त्यांच्यासाठी एक सोपी वाट आहे. फक्त काळ्या पट्ट्या वाजवा. सा काळी तीनवर धरला तर काळ्या पाच पट्ट्यांत सा रे ग प ध मिळतात, म्हणजे भूपाचे स्वर. त्याच पट्ट्या, सा काळी एकवर नेला की दुर्गा. काळी दोनवर धानी, काळी चारवर मधमाद सारंग, काळी पाचवर मालकंस. नुसते स्वर म्हणजे राग नव्हे हे उघड आहे. भूप आणि देशकार यांचे स्वर तर सारखेच आहेत आणि तरी दोन्ही वेगळे. पण बेसूर पट्टी हाताखाली यायचीच नाही, ही सोय नव्या माणसाला मोलाची. कोल्हापूरच्या देवल क्लबात, म्हणजे इथल्या संगीत संस्थेत, एखादी बैठक ऐकून आलात की रागाचं पुढचं कळायला लागेल.

आपण काळी तीनचा भूप घेऊ. ऑल्ट आणि बी दाबलं की रीपरमध्ये पडद्यावर कीबोर्ड येतो. फोनवरची गुणगुण हेडफोनमध्ये ऐकत एकेक स्वर शोधा. तुमच्या चालीत भूपाबाहेरचा स्वर निघाला तर चाल बदलू नका, तो स्वर घ्या. रेकॉर्ड बटण दाबून हलगीवर वाजवा; अडखळलात तरी हरकत नाही, नंतर पियानो रोलमध्ये स्वर ओढून जागेवर ठेवता येतात. पेटीच्या स्वरांची लांबी मात्र नीट बघा. गाणारा जिथं श्वास घेईल तिथं स्वर तोडा. श्वासच नसलेली चाल लगेच मशिनी वाटते.

खाली तंबोरा. मिरजेच्या तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तसा एखादा ओळखीच्या घरी कोपऱ्यात उभा असेल तर हलगीसारखाच रेकॉर्ड करा, नाहीतर फोनवरच्या तंबोरा ॲपचा आवाज वायरनं किंवा फाइलनं घ्या. भूपाला पहिली तार पंचमाची. मालकंसात पंचम नाही, तिथं मध्यम. पेटी आणि तंबोरा एकत्र वाजताना गंधार किंचित चढा वाटला तर तुमचे कान शाबूत आहेत. पेटीचा गंधार समान अंतरांच्या सप्तकातला असतो, तंबोऱ्यात ऐकू येणारा गंधार त्याहून सुमारे 14 सेंट खाली (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). पहिल्या रचनेत तंबोऱ्याचा आवाज कमी ठेवला की भागतं.

गळा

गळा रेकॉर्ड करण्याआधी पट्टी ठरवा. काळी तीन बऱ्याच पुरुषांना उंच जाते. मिडीत सगळं निवडून पाच घरं खाली सरकवलं की काळी एक होते. बाईमाणूस गाणार असेल तर चार घरं वर, काळी पाच. तंबोऱ्याची पट्टीही तेवढीच बदला; हलगीचे स्वर मात्र त्यात निवडू नका, नाहीतर ठोके भलत्याच पट्ट्यांवर जातील. गळा रेकॉर्ड झाल्यावर ही सोय उरत नाही. ओढूनताणून बदलता येतं, पण आवाज रबरी होतो.

रात्री अकरानंतर किंवा पहाटे बसा. पंखा बंद, फ्रीज दुसऱ्या खोलीत. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडं पाठ करून गा. विजेचा भरवसा नसेल तर लॅपटॉप चार्ज करूनच सुरू करा आणि दर भागानंतर कंट्रोल-एस. फाइलींची नावं रोमन अक्षरांत ठेवा, कारण काही जुनी प्लगिन देवनागरी नावाच्या फोल्डरमध्ये अडखळतात. रचनेचं फोल्डर पेनड्राइव्हवरही टाका.

मिक्स, फाइल आणि हक्क

मिक्समध्ये नवख्यानं तीनच गोष्टी कराव्यात. सगळे फेडर (प्रत्येक ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या पट्ट्या) खाली आणून आधी गळा वर घ्या, मग हलगी, मग पेटी, शेवटी तंबोरा. एकूण आवाज उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. गळ्यावर ईक्यू (आवाजाचा जाड-बारीक भाग कमी-जास्त करणारं प्लगिन) लावून 80 ते 100 हर्ट्झच्या खालचं काढून टाका, तिथं फक्त गुरगुर असते. रिव्हर्ब, म्हणजे खोलीसारखं घुमणं, लावा आणि मग निम्मा करा. पुढं आवाज दोन्ही बाजूंचा एकत्र करून, म्हणजे मोनोत ऐका. मंडळाच्या कर्ण्यावर आणि बऱ्याच फोनवर तो तसाच वाजणार आहे.

कंट्रोल, ऑल्ट आणि आर दाबलं की रेंडरची, म्हणजे शेवटची फाइल काढायची, खिडकी येते. मूळ प्रत डब्ल्यूएव्ही, 24 बिट, 48000. मित्रांना पाठवायला एमपी3, 320 केबीपीएस. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फाइल आहे तशीच पोचते.

शब्द कुणाचे घ्यायचे याचा विचार रेकॉर्डिंगच्या आधी करायचा असतो. तुकोबांचे अभंग सगळ्यांचे आहेत, पण त्यांना गेल्या काही दशकांत कुणी लावलेली चाल सगळ्यांची नसते. भारतात संगीतकाराचा आणि कवीचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. म्हणून अभंग घ्या, चाल तुमची लावा. इंटरनेटवरून उतरवलेल्या लूपचा (पुन्हा पुन्हा वाजवायच्या तयार तुकड्याचा) परवाना वाचा. हलगी वाजवणाऱ्याकडून त्याचे ठोके पुढंही वापरायची परवानगी दोन ओळी लिहून घ्या, आणि प्रकाशित करताना त्याचं नाव घाला. रचना प्रसिद्ध होऊ लागल्यावर आयपीआरएस या 1969 पासूनच्या संस्थेचं सभासदत्व बघा. गाणं इतरत्र वाजलं की त्याचं मानधन गोळा करायचं काम ती करते.

पुढं एखाद्या स्टुडिओत गळा नीट रेकॉर्ड करून घ्यायचा ठरला तर रीपरची फाइल घेऊन जाऊ नका, त्यांच्याकडं दुसरं सॉफ्टवेअर असू शकतं. हलगी, पेटी, तंबोरा अशा वेगळ्या डब्ल्यूएव्ही फाइल काढा आणि सगळ्या पहिल्या बारपासूनच सुरू करा, वाद्य मध्येच येत असलं तरी. सोबत एका कागदावर टेम्पो, ताल आणि पट्टी लिहा: 120, केरवा, काळी एक.